नाचणीची बाटली

आमच्या पाड्यावर लढाई आली ती जीपमधून. उन्हाळ्यात आली, टँकरच्या दिवसांत, म्हणून लांबून धूळ दिसताच आम्ही सगळ्या हंडे उचलून खालच्या वळणाकडे धावलो. सूर्यमाळच्या या अंगाला बाहेरची गाडी चढते ती तीनच कारणांनी. टँकर असतो, निवडणूक असते, नाहीतर कुणाचं मूल दगावलेलं असतं आणि साहेब लोक चौकशीला आलेले असतात. ही जीप चौथ्या कारणानं आली होती. रिकामे हंडे घेऊन तिच्याभोवती उभ्या राहिलेल्या आम्हाला बघून आतून उतरलेला माणूस खूश झाला. त्याला बायाच हव्या होत्या.

तो मंगेश. मोखाड्याच्या बाजारात त्याला सगळे ओळखतात. दिवाळी झाली की भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर माणसं पोचवायचं त्याचं काम. भट्टीवर एकटं माणूस घेत नाहीत, जोडी घेतात. नवरा चिखल तुडवणार, बायको विटा पाडणार. सकाळी हजेरीला 'सोम्याची जोडी' असा पुकारा होणार आणि सोम्या 'हाय' म्हणणार. जोडीतल्या बाईचं नाव काय, हे विचारायची गरज इतक्या वर्षांत कुणाला पडली नव्हती. सोम्याच्या जोडीचं नाव चैती. ती माझी शेजारीण, आणि ही गोष्ट तिची आहे. मी सुनिता, मी फक्त त्याच जीपमध्ये बसत होते.

मंगेश चैतीच्याच ओट्यावर टेकला. घाटाच्या वर एक कंपनी आहे, म्हणाला, तिथं तोफेच्या गोळ्यांच्या टोप्या भरतात. लांबच्या देशांत लढाई पेटलीय. तिथले पुरुष बंदुका घेऊन गेले, गोळे पुरत नाहीत, आणि काम इथवर आलंय.

"बायकाच पाहिजेत. बायकांचा हात हलका असतो," तो म्हणाला. "जोडीबिडी काय नाय. जिचं काम, तिच्याच नावावर हजेरी."

मग त्यानं खिशातून औषधाची एक रिकामी बाटली काढली, अगदी निमुळत्या तोंडाची, आणि वाटीभर नाचणी मागितली. चिमटीनं बाटली भरायची, दाणा सांडायचा नाही, हीच परीक्षा. आम्ही हसलो. आयुष्यभर ज्या नाचणीनं आमचं पोट धड भरलं नाही, ती आता आम्हाला नोकरी देणार होती. म्हाताऱ्या गोदीनं हौसेनं हात घातला आणि निम्मी नाचणी जमिनीवर ओतली. माझे दोन-चार दाणे पडले. गोदीची लेक पुतळी, तिचाही एखादा पडला असेल. चैतीचा एकही नाही. तिचा हात आम्हाला ठाऊक होता. लग्नघरी भिंतीवर चौक लिहायला तिलाच बोलावतात, आणि तांदळाच्या पिठाची तिची रेघ कधी मोडत नाही.

पुतळीचं सांगते. तिला नवऱ्यानं टाकली होती. नवरा नाही म्हणजे जोडी नाही, आणि जोडी नाही म्हणजे भट्टी नाही. ती आईच्या झोपडीत बसून लोकांच्या नाचणीची निंदणी करायची आणि मिळेल ते खायची. मंगेशनं तिला निवडली तेव्हा तिनं त्याला पुन्हा विचारलं, "मी एकटी चालंल ना?" त्यानं मान डोलावली. ती तिथंच खाली बसून रडली. 

असे आमचे बरे दिवस सुरू झाले. तोफेच्या जिवावर, पण बरेच. पहाटे जीप यायची, खोडाळ्यावरून घाट चढायची. कंपनीत शिरताना अंगावर धातूचा कण चालायचा नाही, एक ठिणगी पडली तर सगळी शेड उडेल म्हणून. त्यामुळे आम्ही मंगळसूत्रं, जोडवी, चमक्या फडक्यात बांधून घरीच ठेवून निघायचो. नवरा जिवंत असताना बाया मोकळ्या गळ्यानं फिरतात म्हणून गोदीनं आधी तोंड वाकडं केलं. पुढं लेकीच्या पगारावर घरात तांदूळ आला तेव्हा ते सरळ झालं. पोटात पडलं की धर्म नरमतो, त्यात गोदीचा दोष नाही.

आत सुती कपडे, कापडी जोडे, लांब पांढरं टेबल. बोटाच्या पेराएवढ्या टोप्यांत पिवळी पावडर भरायची, श्वाससुद्धा बेतानं घ्यायचा. सकाळी हजेरीला साहेब एकेक नाव वाचायचा. चैतीचं नाव आलं की ती नुसतं 'हाय' म्हणायची नाही, उभी राहायची. तसं उभं राहायला कुणी सांगितलं नव्हतं.

सोम्या घरी राहिला. चिखल तुडवून तुडवून त्याची कंबर गेली होती आणि माळरानातली नाचणी होळीपर्यंतही पुरत नव्हती. तो भाकरी थापायला शिकला. पाड्यानं त्याला पोटभर चिडवला. "सोम्याची भाकर, पेटव लाकडं चार" असं पोरं ओरडत जायची. सोम्या हसायचा. भाकरी जाड व्हायच्या, पण बायको आल्यावर गरम मिळायच्या. सारा जन्म भट्टीवर गेलेल्या बाईला ते केवढं वाटलं असेल, ते मला विचारा. माझा नवरा अजून चहासुद्धा करत नाही.

आणि हे सगळं होतं सोनीसाठी. सोनी चैतीची एकुलती एक लेक. भट्टीच्या धुरात रांगली, विटांच्या आडोशाला झोपली, पुढं आश्रमशाळेत अडकवली आणि चांगली शिकली. आता जव्हारला वसतिगृहात राहून बारावी करत होती. तिला नर्स व्हायचं होतं. वसतिगृह फुकट असतं, पण घर फुकट नसतं, आणि नर्सचं शिक्षणही नाही. सोनीनं भट्टी पाहू नये, एवढंच चैतीला हवं होतं. तिनं दुसरं काही मागितलेलं मी ऐकलं नाही. पहिल्या पगारातून तिनं जव्हारच्या बाजारात सोनीला कानातली घेतली, बारीक फुलांची, मागं फिरकी असलेली. स्वतःला काही घेतलं नाही. घालणार तरी कधी?

मग एका आषाढात जीप यायची थांबली. मंगेश चालत वर आला, चिखलानं माखलेला. "तिकडं बोलणी चाललीत," म्हणाला. "लढाई थांबली म्हणतात. गोळ्यांची गिऱ्हाइकी बसली. साहेब बोलला, बायांना तूर्त घरी ठेव."

आम्ही ओट्यावर बसून पाऊस बघत राहिलो. लढाई थांबली ही चांगली बातमी असते, एवढं आम्हालाही कळतं. आम्ही काही राक्षस नाही. पण त्या दिवशी कुणाचंही तोंड उजळलं नाही. पुतळी घरात गेली आणि दोन दिवस बाहेर आली नाही. सोम्या म्हणाला, "दिवाळीनंतर भट्टीवर जाव. कंबर बांधून जाव." चैतीनं त्याच्या कमरेकडं पाहिलं आणि उठून पाण्याला गेली.

पाण्याच्या वाटेवर मोठ्या झाडाखाली आमचा वाघदेव आहे. शेंदूर फासलेला दगड, वर चंद्र-सूर्य कोरलेले. त्या दिवशी चैती तिथं थांबली आणि नवस बोलली. काय बोलली ते आम्हाला मागून कळलं. वाघदेवाकडं आम्ही पाऊस मागतो, मूल मागतो, गुरांना वाघरापासून सांभाळ म्हणतो. तिनं लढाई मागितली. ती थांबू देऊ नको, जीप परत येऊ दे, वाघबारशीला कोंबडा देईन. ज्या देशाचं नाव तिला उच्चारता येत नव्हतं, तिथली लढाई तिनं आमच्या झाडाखालच्या दगडाच्या हवाली केली. हसू नका. ज्याच्याकडं सगळं मागायची सवय, त्याच्याकडंच माणूस मागतं.

श्रावणात जीप आली. तिकडं बोलणी मोडली होती, म्हणे आधीपेक्षा जोरात पेटली. मंगेश पेढे घेऊन आला होता आणि आम्ही ते खाल्ले. मीसुद्धा खाल्ला.

रक्षाबंधनाला सोनी घरी आली. तिच्याजवळ मोबाईल. तिनं आईला एक चित्रफीत दाखवली, मीही डोकावले. पडक्या घराचे दगड एक बाई हातानं उपसत होती. डोक्यावर पदर आमच्यासारखाच, फक्त बांधायची तऱ्हा वेगळी. ती कुणाला तरी हाका मारत होती.

"आये, तुमी भरता ते गोळे तिथंच जात असतील का?" सोनीनं विचारलं. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"माना काय माहीत कुठं जातात," चैती म्हणाली. "बंद कर ते."

सोनीनं बंद केलं. चैतीला राग आला होता आणि लाज वाटली होती, दोन्ही एकदम, आणि त्या दोन्हीचं काय करायचं ते तिला कळत नव्हतं. तिनं लेकीच्या केसांना तेल लावलं, इतकं चोळून की पोर ओरडली. दुसऱ्या दिवशी पहाटे ती जीपमध्ये सगळ्यात आधी बसली.

भादव्यात, नाचणीला कणसं धरत होती तेव्हा, आमची शेड उडाली. चैती पाणी प्यायला दारापाशी गेली होती आणि मी बाहेर रिकाम्या टोप्यांचे ट्रे उचलत होते, म्हणून सांगायला उरलोय. पुतळी तिच्या जागेवर होती. ठिणगी कशाची पडली ते कुणी सांगितलं नाही. घाई फार होती, एवढं मी सांगते. जिथं आधी एक ट्रे असायचा तिथं तीन-तीन ठेवायला लागले होते, कारण लढाई जोरात होती.

पुतळीला शिवलेल्या कापडात आणलं. गोदीनं कापड उसवायला हात घातला तेव्हा चौघांनी तिला धरलं. कंपनीनं काय दिलं, काय नाही, ते मी इथं मांडणार नाही. मांडलं तर वाटेल की त्यात काही बरोबरी होते.

चैतीला वरवर खरचटलंही नव्हतं. चार दिवसांनी सोम्यानं तिच्या हातात चहाची कपबशी दिली आणि बशी वाजायला लागली. ती हात मांडीवर ठेवायची, घट्ट धरायची, सोडला की पुन्हा थरथर. जव्हारच्या डॉक्टरनं तपासलं, हाडाला काही नाही म्हणाला, भीती बसलीय, जाईल. ती गेली नाही. त्या वर्षी पाड्यावर लग्न ठरलं तर चौक कुणाला लिहायला लावायचा, असं कुणीतरी सहज म्हणालं. चैती समोर बसली होती. तिनं हात पदराखाली घेतले.

वाघबारस आली. आमच्याकडं त्या दिवशी वाघदेवापुढं नवस फिटतात. रीत अशी की नवस फेडणाऱ्यानं सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगायचं, काय मागितलं आणि काय मिळालं. मग कोंबड्यापुढं तांदूळ टाकायचे. त्यानं दाणे टिपले तर देवानं मानलं. मुका नवस देव घेत नाही, आणि न फिटलेला नवस पोराबाळांवर जातो. भगत माघ्या, दात नसलेला म्हातारा, ही रीत सोडत नाही.

सोम्यानं चैतीला सांगून पाहिलं, "औंदा राहू दे. पुढच्या साली फेडू." ती म्हणाली, "सोनीवर जायला नको." आणि कोंबडा काखेत धरून निघाली. कोंबडा तिच्या हातात फडफडत नव्हता, तिचेच हात त्याला हलवत होते.

झाडाखाली सगळा पाडा होता. गोदी एका कडेला बसली होती. चैतीनं तिच्याकडं न बघता देवाकडं तोंड केलं.

"मी बोलले होते," ती म्हणाली, "लढाई थांबू नये. जीप यावी. सोनीला शिकवायची हाय म्हणून बोलले. लढाई थांबली नाय. जीप आली."

 एवढं रीतीपुरतं बोलून झालं होतं. माघ्यानं तांदूळ टाकले. कोंबडा एका पायावर थांबला, मान तिरकी केली आणि टकाटका दाणे टिपायला लागला. देवानं मानलं.  मला वाटलं, आता गोदी उठेल आणि हिच्या झिंज्या धरेल. धरल्या असत्या तर मी सोडवायला गेले नसते.

गोदी उठली. तिच्या पदराखाली कोंबडी होती. आम्ही कुणी पाहिली नव्हती.

"माझ्या पुतळीचा पण हाय," ती म्हणाली. "आषाढात घरात बसून होती तवा बोलली होती. माना सांगितला तिनं. हाच नवस. देवा, लढाई थांबवू नको, माना परत कुणाच्या दारात बसवू नको." तिनं कोंबडी खाली ठेवली. "ती नाय तर मी फेडतां. राहायला नको."

माघ्यानं पुन्हा तांदूळ टाकले. कोंबडी भुकेली होती, तिनं लगेच टिपले.

गोदी चैतीपाशी आली. "देवाचा काय चुकला नाय," ती म्हणाली. "दोघींनी मागितला, दोघींना दिला." मग तिनं चैतीचे थरथरणारे हात आपल्या हातात धरले आणि दोघी रडल्या. देवापुढचं टाकता येत नाही, म्हणून तिन्हीसांजेला आम्ही दोन्ही रस्से भाकरीशी खाल्ले.

दिवाळी सरली आणि मंगेश आला. दुसरी शेड उभी राहिली होती. मी कधीचीच परत जायला लागले होते. का, असं विचारू नका, माझ्या घरी चूल आहे. मंगेश चैतीच्या ओट्यावर त्याच जागी बसला. तो वाईट माणूस नाही. मान खाली घालून म्हणाला, "ज्या घरची बाई कामातून गेली, त्या घरची दुसरी घ्यायची, असं साहेबाकडून कबूल करवलंय. त्या जागेला दुसऱ्या पाड्यांवरून मागणी खूप आहे."

सोनी सुट्टीला घरी होती. अठरा पुरी झाली होती.

"तिची बारावी हाय," चैती म्हणाली.

"मग भट्टीचा नवा मुकादम येऊन गेला, त्याला काय सांगितलं?" मंगेशनं सोम्याला विचारलं.

सोम्यानं लेकीकडं पाहिलं. भट्टीवाला जोडी मागत होता. चैतीच्या हातानं साचा धरवत नव्हता. जोडी म्हणून बापाबरोबर लेक चालेल, असं तो सांगून गेला होता. कणगीत यंदा नाचणी किती थोडी आली ते ओट्यावरूनही दिसत होतं. सोनीनं भट्टी पाहू नये म्हणून एवढं सगळं झालं, आणि आता दोन वाटा उरल्या होत्या. दोन्ही वसतिगृहापासून लांब जाणाऱ्या.

"माना दाखवा बाटली," सोनी म्हणाली. "माझा हात चालतो का ते तर बघा."

"मी करतां," चैती मध्येच म्हणाली. "आता बरा हाय हात. बघ."

मंगेशनं खिशातून काढलेली बाटली तिनं ओढून घेतली, नाचणीच्या वाटीत बोटं घातली, चिमूट उचलली. दाणे बाटलीच्या तोंडावर आदळून चहूकडं उडाले. तिनं पुन्हा चिमूट घेतली. मंगेश दुसरीकडं बघत राहिला. तिसऱ्या खेपेला सोनीनंच हळूच आईच्या हातातून बाटली काढून घेतली.

मी समोर बसले होते आणि मला सोनीचं तोंड दिसत होतं. ती हुशार पोर. हात हलवायचा, दोन-चार दाणे सांडायचे, एवढंच करायचं होतं. सांड, पोरी, असं मी मनात म्हणत होते. मग भट्टीवर जाईल, हेही मला माहीत होतं, तरी म्हणत होते. चैती टक लावून त्या चिमटीकडं बघत होती. ती देवाकडं काही मागत असेल का? मला वाटतं, नसेल. तिला आता मागायची भीती बसली होती.

सोनीनं बाटली काठोकाठ भरली. एक दाणा सांडला नाही.

"आयसचाच हात हाय," मंगेश हळू म्हणाला आणि उठला. "उद्या पहाटे तयार राहा." सोम्या मागच्या दारानं बाहेर निघून गेला.

चैती बराच वेळ खाली सांडलेले दाणे वेचत बसली, एकेक करून, अर्धे पुन्हा हातातून निसटत. मग तिनं लेकीला जवळ बोलावलं.

"कानातली काढ," ती म्हणाली. "तिथं धातू चालत नाय."

ती स्वतःच काढायला गेली. तिच्या बोटांना फिरकी सापडेना. दोनदा निसटली, तिसऱ्यांदा कान दुखला तशी सोनीनं मान मागं घेतली. मग सोनीनं आपल्या हातानं दोन्ही फिरक्या सोडवल्या, कानातली आईच्या तळहातावर ठेवली आणि वरून तिची मूठ मिटवून धरून ठेवली. मुठीत ती वाजत होती.